ओल्या कचऱ्याचे काय होणार, हे हायड्रोजन ठरवतो

ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही शहरांत ओल्या कचऱ्याचा विषय निघाला की चर्चा खतापर्यंत जाते आणि तिथेच संपते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांवर ओल्या कचऱ्याची शक्य तितकी विल्हेवाट आवारातच लावण्याची जबाबदारी टाकली आणि घोडबंदर रस्त्यापासून नेरुळ-सीवूड्सपर्यंत अनेक सोसायट्यांच्या मागच्या कोपऱ्यात खताचे ड्रम आले. ही गोष्ट चांगलीच झाली. मात्र तिच्यामुळे असाही समज पक्का झाला की ओल्या कचऱ्यापासून मिळण्याजोगी सर्वांत मोलाची वस्तू खत हीच आहे. हा समज अपुरा आहे. खत होताना जिवाणू आणि बुरशी हवेतील ऑक्सिजन वापरून कचऱ्यातल्या कार्बनचा मोठा भाग कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने सोडून देतात आणि त्या कार्बनच्या बंधांत साठलेली ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. ताज्या खताच्या ढिगात हात घातल्यावर जाणवणारी ऊब ही त्याच ऊर्जेची असते.

हा कचरा जाळून ऊर्जा मिळवावी, असे सुचवणाऱ्यांनी एक आकडा लक्षात घ्यावा. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात वजनाने ७० ते ८० टक्के पाणी असते आणि एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल ऊर्जा लागते. कचऱ्यातली बरीचशी ऊर्जा त्याचेच पाणी उडवण्यात खर्ची पडते. सूक्ष्मजीवांना मात्र हे पाणी हवेच असते, आणि त्यांना ऑक्सिजन मिळू दिला नाही, तर कचऱ्यातली ऊर्जा उष्णता न होता बरीचशी रेणूंमध्येच राहते व एका रेणूतून दुसऱ्या रेणूत जात राहते. या साखळीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर वेगवेगळी उत्पादने असतात, म्हणून साखळी कुठपर्यंत जाऊ द्यायची आणि कुठे रोखायची, हा या शास्त्रातला मुख्य प्रश्न आहे.

पहिल्या टप्प्यात जिवाणूंची विकरे (एन्झाइम) भाताचा स्टार्च, डाळीतली प्रथिने आणि तेल-तूप यांचे लहान तुकडे करतात. दुसऱ्या टप्प्यात आम्लजनक जिवाणू त्या तुकड्यांपासून ॲसेटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी लहान आम्ले, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड बनवतात. तिसऱ्या टप्प्यात प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक आम्लांपासून ॲसेटिक आम्ल आणि आणखी हायड्रोजन तयार होतो. चौथ्या टप्प्यात मिथेनजनक सूक्ष्मजीव ॲसेटिक आम्लाचे आणि हायड्रोजनचे मिथेन, म्हणजे बायोगॅसमधला जळणारा वायू, करतात. हे मिथेनजनक म्हणजे जिवाणू नव्हेत. १९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोम या पेशीतल्या प्रथिने बनवणाऱ्या घटकामधील आरएनएची तुलना करून दाखवले की त्यांची वंशशाखाच वेगळी आहे. आज आपण तिला आर्किया म्हणतो.

या चारांपैकी तिसरा टप्पा सर्वांत विलक्षण आहे, आणि त्यासाठी थोडे गणित करायला हवे. कोणतीही रासायनिक क्रिया आपोआप पुढे जायची असेल, तर तिच्यातून मुक्त ऊर्जा, म्हणजे कामाला लावता येणारी ऊर्जा, बाहेर पडावी लागते. प्रोपिऑनिक आम्लापासून ॲसेटिक आम्ल होण्याच्या क्रियेत प्रमाणित परिस्थितीत, म्हणजे हायड्रोजनचा दाब वातावरणाच्या दाबाइतका धरला तर, मोलमागे सुमारे ७६ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडण्याऐवजी आत घालावी लागते. ज्या क्रियेत तोटाच आहे, तिच्यावर एखादा जिवाणू आपले पोट कसे भरेल? याचे उत्तर हायड्रोजनमध्ये आहे. या क्रियेत हायड्रोजनचे तीन रेणू बाहेर पडतात. हायड्रोजनचा दाब दहापटीने घटला की प्रत्येक रेणूमागे सुमारे ५.७ किलोज्यूलची सवलत मिळते, म्हणजे तीन रेणूंमागे १७ किलोज्यूल. ७६ ला १७ ने भागले तर साधारण साडेचार येतात. हायड्रोजनचा दाब साडेचार वेळा दहापटीने, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे तीस हजाराव्या भागापर्यंत खाली आला, की तोट्याची क्रिया फायद्याची होऊ लागते. तो दाब तितका खाली ठेवण्याचे काम शेजारी चिकटून राहणारे मिथेनजनक करतात, कारण हायड्रोजन हे त्यांचे अन्न आहे. दाब अतिशय कमी झाला, तर मात्र मिथेनजनकांची उपासमार होते. अशा रीतीने दोन जीव एका अरुंद पट्ट्यात एकमेकांच्या आधाराने जगतात आणि एकटा पडल्यास त्यांपैकी कोणाचेही भागत नाही. १९६७ मध्ये मार्विन ब्रायंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की अनेक वर्षे एकच शुद्ध सूक्ष्मजीव म्हणून अभ्यासली गेलेली एक प्रजाती प्रत्यक्षात अशीच दोन वेगळ्या जीवांची जोडी होती: एक अल्कोहोलपासून हायड्रोजन बनवत होता आणि दुसरा तो खात होता. सूक्ष्मजीवशास्त्रातल्या ज्या शोधांविषयी मला मनापासून आदर वाटतो, त्यांत या शोधाचे स्थान फार वरचे आहे.

सोसायटीतला बायोगॅस प्रकल्प का बंद पडतो, हे या गणितावरून कळते. आम्लजनक जिवाणूंची संख्या काही तासांत दुप्पट होते, तर ॲसेटिक आम्लावर जगणाऱ्या मिथेनजनकांना त्यासाठी काही दिवस लागतात. गणपतीत किंवा लग्नसराईत उरलेला भात आणि गोडधोड एकदम टाकीत गेले की आम्लांचा पूर येतो, हायड्रोजन साचतो, तिसरा टप्पा अडतो, सामू (पीएच) घसरतो आणि ज्या मिथेनजनकांनी हायड्रोजन संपवायचा तेच त्या आंबट पाण्यात निष्प्रभ होतात. सामू ६.८ ते ७.४ च्या दरम्यान असला तरच त्यांचे काम नीट चालते. टाकी आंबल्यावर घाईघाईने आणखी कचरा टाकणे हा सर्वांत वाईट उपाय असतो. काही दिवस भरणा थांबवणे आणि चुन्यासारखा अल्क वापरून सामू सावकाश वर आणणे हा योग्य उपाय होय. वाशीच्या समोर, खाडीपलीकडे ट्रॉम्बे येथे असलेल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ प्रकल्पात यावर विचार केलेला दिसतो. तिथे कचरा आधी गरम पाण्याच्या साहाय्याने, हवेच्या सान्निध्यात एका वेगळ्या टाकीत पातळ केला जातो आणि मगच मिथेनच्या टाकीत सोडला जातो. वेगवान जिवाणूंना आणि मंद मिथेनजनकांना स्वतंत्र जागा देण्यातच या रचनेचे शहाणपण आहे. शिवाय मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याबरोबर नायट्रोजन, स्फुरद किंवा पालाश बाहेर जात नाहीत; ते टाकीतून निघणाऱ्या गाळातच राहतात, त्यामुळे गॅस घेतला म्हणून खत गमवावे लागत नाही.

याच ठिकाणी ‘बायोएन्झाइम’विषयी स्पष्ट बोलले पाहिजे. फळांच्या साली, गूळ आणि पाणी ३:१:१० या प्रमाणात बाटलीत तीन महिने ठेवून केलेले हे द्रावण ओझोन सोडते आणि तलाव शुद्ध करते, असे संदेश मोबाइलवरून सतत फिरतात. आंबवण्याच्या क्रियेत ओझोन तयार होत नाही. बाटली फुगते ती कार्बन डायऑक्साइडमुळे, आणि आत असते ते मुख्यतः ॲसेटिक व लॅक्टिक आम्ल, म्हणजे वर सांगितलेल्या साखळीचा आम्लांपाशी अडलेला टप्पा. फरशी पुसायला ते वापरण्यास हरकत नाही. पण तलावांचे शहर म्हणवणाऱ्या ठाण्यात ते मासुंदा तलावात किंवा खाडीत ओतणे म्हणजे पाण्यात आणखी सेंद्रिय पदार्थ घालणे होय. ते खाताना जिवाणू पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन वापरतात आणि गुदमरतात ते मासे.

हाच आम्लांचा टप्पा जाणीवपूर्वक आणि मोजमाप ठेवून रोखला, तर मात्र त्यातून प्लॅस्टिक बनवता येते. सामू कमी ठेवून आणि भरणा लवकर बदलून मिथेनजनकांना जम बसू द्यायचा नाही, म्हणजे टाकीत आम्ले साचतात. ती दुसऱ्या टाकीतल्या, हवा मिळणाऱ्या जिवाणूंना खाऊ घालायची. पण सतत नाही. थोडा वेळ भरपूर द्यायची आणि मग बराच वेळ उपाशी ठेवायचे. पावसाळ्याआधी बेगमी करून ठेवणाऱ्या घरासारखे जे जिवाणू आम्लांचा पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट हा बहुवारिक (पॉलिमर, म्हणजे लांब साखळीचा रेणू) बनवून पेशीत साठवतात, ते उपासाच्या काळात तगतात. बाकीचे मागे पडतात. अशी आवर्तने चालू ठेवली की कोणताही निवडक जिवाणू बाहेरून न आणता टाकीत साठवणाऱ्यांचीच वस्ती होते, आणि प्रयोगशाळेत त्यांच्या कोरड्या वजनाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग हा बहुवारिक असल्याचे आढळले आहे. फ्रान्समध्ये मोरिस लेम्वान्य यांनी १९२६ मध्येच तो जिवाणूत ओळखला होता. तो १७५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, साच्यात ओतता येतो आणि मातीत व समुद्रात सूक्ष्मजीव त्याचे विघटन करतात. नुसता तो ठिसूळ असतो. परंतु खाद्यात प्रोपिऑनिक आम्ल असेल तर त्याच्या साखळीत व्हॅलेरेटचे दुवे मिसळतात आणि प्लॅस्टिक लवचीक होते. मिथेनच्या टाकीत सर्वांत जास्त डोकेदुखी देणारे आम्ल इथे सर्वांत उपयोगाचे ठरते. अडचण पेशी फोडून बहुवारिक शुद्ध करण्याच्या खर्चाची आहे, आणि त्यामुळे हे प्लॅस्टिक नेहमीच्या प्लॅस्टिकपेक्षा अजून बरेच महाग पडते. ‘कंपोस्टेबल’ असे छापलेल्या पॉलिलॅक्टिक आम्लाच्या पेल्यांशी त्याची गल्लत करू नये. त्या पेल्यांना लवकर कुजण्यासाठी सुमारे ६० अंश तापमानाचा औद्योगिक ढीग लागतो आणि सोसायटीच्या ड्रममध्ये ते दीर्घकाळ तसेच पडून राहतात.

कोणता कचरा कोणत्या वाटेने न्यावा, हे त्यात काय आहे यावर ठरते. इंदूरमध्ये फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाची क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून सुमारे १७ टन शुद्ध गॅस काढण्याची आहे, म्हणजे टनामागे ३१ किलो. घरोघरी केलेल्या वर्गीकरणाशिवाय हे शक्य झाले नसते, कारण काच, वाळू आणि पिशव्या टाकीच्या तळाशी बसतात किंवा पंपात अडकतात. नवी मुंबईकडे वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या रूपाने त्याहूनही सोयीचा स्रोत आहे: फळांचा आणि भाजीपाल्याचा तेल-मीठ नसलेला, एकाच ठिकाणी गोळा होणारा कचरा. आंब्यासारख्या गोड फळांचा गर झटकन आंबतो, म्हणून आम्लांच्या वाटेसाठी तो उत्तम आहे. संत्र्याच्या सालीतले लिमोनीन हे सुगंधी द्रव्य मात्र मिथेनजनकांना मारक असते. ते ऊर्ध्वपातनाने आधी काढून घेतले तर स्वच्छतेच्या द्रव्यांत विकले जाते आणि उरलेली साल निर्धास्तपणे टाकीत घालता येते. नारळाची करवंटी आणि सोडण यांच्यातले लिग्निन हे कठीणपणा देणारे द्रव्य ऑक्सिजनशिवाय जवळजवळ कुजत नाही, त्यामुळे निर्माल्य कलशात आलेले नारळ वेगळे काढणे भाग आहे. फळांच्या कचऱ्यात नायट्रोजन इतका कमी असतो की एकट्यावर चालवलेली मिथेनची टाकी लवकर आंबते. उलट मासळीबाजाराच्या कचऱ्यात तो इतका जास्त असतो की त्यातून निघणारा अमोनियाच मिथेनजनकांना बाधतो. दोन्ही कचरे मिसळून एका नायट्रोजनमागे २० ते ३० कार्बन असे प्रमाण साधले, तर मासळीचा अमोनिया फळांची आम्ले उदासीन करतो आणि वरून चुना घालण्याची गरज बरीच कमी होते.