परुळकर, ग्रुप कॅप्टन दिलीप

भारतीय हवाई दलातील लढाऊ वैमानिक. १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धात युद्धकैदी झाल्यावर रावळपिंडीच्या छावणीतून त्यांनी ऑगस्ट १९७२ मध्ये दोन सहकाऱ्यांसह पलायन केले. हे पलायन अफगाणिस्तानच्या सीमेपासून काही मैलांवर फसले, तरीही हवाई दलाच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान मिळाले. १० ऑगस्ट २०२५ रोजी पुणे येथे परुळकरांचे निधन झाले.

मार्च १९६३ मध्ये ते हवाई दलात दाखल झाले. १९६५ च्या युद्धात शत्रूच्या गोळीबारात त्यांच्या विमानाची हानी झाली व उजव्या खांद्याला जखम झाली. तुकडीच्या नेत्याने विमान सोडून हवाई छत्रीने उतरण्याचा सल्ला दिला; पण त्यांनी जायबंदी विमान तळावर परत आणले. त्याबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळाले.

१९७१ मध्ये ते २६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये सुखोई-७ हे विमान चालवीत. एका इंजिनाचे, मागे वळलेल्या पंखांचे हे सोव्हिएट विमान जमिनीवरील लक्ष्यांवर मारा करण्यासाठी वापरले जाई. असा मारा करताना फार खाली यावे लागते व विमान विमानविरोधी तोफांच्या टप्प्यात सापडते. १० डिसेंबर १९७१ रोजी झफरवाल परिसरात परुळकरांचे विमान अशाच माऱ्यात पडले आणि ते कैद झाले.

रावळपिंडीच्या छावणीत भारतीय हवाई दलाचे डझनभर वैमानिक होते. परुळकर यांच्या पुढाकाराने खोलीची भिंत हाताशी येईल त्या साधनांनी, दिवसेंदिवस, थोडीथोडी पोखरण्यात आली. फ्लाइट लेफ्टनंट मलविंदरसिंग ग्रेवाल व हरीश सिंहजी हे त्यांच्याबरोबर बाहेर पडले. पलायनाची तारीख कोठे १२, तर कोठे १३ ऑगस्ट १९७२ अशी आढळते. मध्यरात्र उलटल्यावर ते बाहेर पडले, असे धरल्यास १३ ऑगस्ट ही तारीख अधिक ग्राह्य ठरते. पूर्वेकडील भारतीय सीमेऐवजी त्यांनी पश्चिमेची, पेशावर व खैबर खिंडीतून अफगाणिस्तानात जाण्याची वाट निवडली. ती सर्वस्वी अनपेक्षित होती.

ते पकडले कसे गेले, याविषयीची कथने तपशिलात एकमेकांपासून थोडी वेगळी आहेत. खैबर खिंडीतील लंडी कोतल येथे त्यांनी लंडी खाना या ठिकाणाची व तेथवरच्या टॅक्सीभाड्याची चौकशी केली आणि त्यावरून संशय आला, एवढे बहुतेकांत समान आहे. असे गाव अस्तित्वातच नव्हते, असे लोकप्रिय लेखनात सांगितले जाते. पण खैबर रेल्वेचा इतिहास पाहता हे विधान तंतोतंत मानता येत नाही. जमरूद ते लंडी कोतल हा ३४ बोगदे व ९२ पूल असलेला लोहमार्ग नोव्हेंबर १९२५ मध्ये सुरू झाला. एप्रिल १९२६ मध्ये तो खिंडीच्या पलीकडच्या उतारावरील लंडी खानापर्यंत वाढविण्यात आला आणि डिसेंबर १९३२ मध्ये तेवढाच वाढीव भाग बंद झाला. म्हणजे ब्रिटिश गेल्यावर नव्हे, तर त्याच्या १५ वर्षे आधीच ते स्थानक मोडीत निघाले होते. नकाशावर मात्र नाव टिकून राहिले असावे. चाळीस वर्षे ज्या स्थानकात गाडी गेली नव्हती, ते विचारणारा माणूस स्थानिक नव्हे, हे तेथल्या माणसाला उघडच कळणार. वैमानिकांच्या तयारीतील उणिवेपेक्षा जुन्या नकाशाचा हा दोष मानणे अधिक न्याय्य वाटते.

सीमेपर्यंत उरलेल्या चार-पाच मैलांना कायद्याच्या दृष्टीनेही अर्थ होता. १९४९ च्या तिसऱ्या जिनीव्हा कराराच्या ९१ व्या कलमानुसार कैद करणाऱ्या सत्तेच्या ताब्यातील प्रदेश सोडला, की पलायन यशस्वी समजले जाते. त्यापूर्वी पकडल्या गेलेल्या कैद्याला ९२ व्या कलमानुसार केवळ शिस्तभंगाची शिक्षा देता येते आणि ९० व्या कलमाने तिची कमाल मर्यादा ३० दिवसांची आहे. पण टोळीवाल्यांच्या मुलखात हेर समजून ठार केले जाण्याचा धोका खराखुरा होता. अशा वेळी परुळकरांनी पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांचे एडीसी (परिसहायक) उस्मान हमीद यांच्याशी दूरध्वनीने संपर्क साधण्याचा आग्रह धरला. उस्मान हे पूर्वी छावणीचे प्रमुख होते व या तिघांना ओळखत होते. त्या प्रसंगावधानामुळे तिघांचे प्राण वाचले, असे म्हणणे योग्य होईल.

पुढे कैद्यांना लायलपूरच्या (आताचे फैसलाबाद) तुरुंगात हलविण्यात आले. १ डिसेंबर १९७२ रोजी ते वाघा सीमेवरून मायदेशी परतले. पुढे परुळकरांना विशिष्ट सेवा पदकही देण्यात आले.

नंतरच्या सेवाकाळात हवाई दल अकादमीत उड्डाण प्रशिक्षक आणि पुण्याजवळील खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत बटालियन कमांडर म्हणून त्यांनी काम केले. सिंगापूर येथेही ते दोनदा नेमणुकीवर होते. ग्रुप कॅप्टन या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले. त्यांच्या निधनाची वार्ता देताना हवाई दलाने रावळपिंडीच्या पलायनाचाच मुख्यतः उल्लेख केला. त्या पलायनाला ५३ वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा तीन दिवस उरले होते.