ज्येष्ठांमधील मेंदूचा हादरा

डोक्याला मार बसून किंवा मानेला जोराचा झटका बसून मेंदू कवटीत हिंदकळतो आणि काही काळ त्याचे काम विस्कटते, त्याला वैद्यकात कन्कशन म्हणतात. घरोघरी अशा बाहेरून न दिसणाऱ्या इजेला 'मुका मार' म्हणतात. शुद्ध हरपलीच पाहिजे असे नाही. डोके दुखणे, मळमळ, घेरी, उजेड सहन न होणे, पडल्याचा प्रसंगच न आठवणे ही लक्षणे. निव्वळ हादऱ्यात सीटी स्कॅनवर काही दिसत नाही.

इंदूरच्या रामबाग, नारायण बाग भागांतल्या मराठी कुटुंबांत काय किंवा अन्यत्र काय, म्हातारी माणसे बहुधा घरातच पडतात: ओली मोरी, उभा जिना, रात्री उठताना पायात अडकलेली गोधडी. मग हळदीचा लेप लागतो आणि कोणीतरी म्हणते, ''टेंगूळ बाहेर आलं, म्हणजे मार आत गेला नाही.'' या समजुतीला काहीही आधार नाही. वयाबरोबर मेंदू थोडा आक्रसतो, तो आणि कवटीचे अस्तर यांमधल्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि लहानशा धक्क्यानेही फाटू शकतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणून ६५ वर्षांपुढील व्यक्तीची शुद्ध गेली असेल, ती गोंधळली असेल किंवा तिला प्रसंग आठवत नसेल, तर सीटी स्कॅन करून घ्यावा. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याने लक्षणे नसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

शुद्ध मोजण्यासाठी १९७४ पासून ग्लासगो कोमा मापन वापरतात; त्यात डोळे उघडणे, प्रश्नांची उत्तरे आणि हालचाल यांना गुण देतात. पण पैकीच्या पैकी १५ गुण मिळालेल्या वृद्धाच्या डोक्यातही रक्तस्राव असू शकतो. शिवाय महाराजा यशवंतराव रुग्णालयात, म्हणजे इंदूरकरांच्या 'एम.वाय.'त, प्रश्न हिंदीतून येणार. तारीख विचारल्यावर गप्प बसलेल्या आजींना तिथी अचूक ठाऊक असू शकते. उलट, कॅलेंडर न पाहता संकष्टी सांगणाऱ्या आजींना ती आठवेना, तर ते गंभीर आहे. हा फरक सोबतच्या माणसालाच कळतो आणि त्याने तो डॉक्टरांना आपणहून सांगायला हवा.

पहिले एक-दोन दिवस विश्रांती हवी, पण अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याचा जुना सल्ला आता मागे पडला आहे. नंतर त्रास वाढणार नाही अशा बेताने घरातल्या घरात चालणे, बोलणे, थोडे वाचणे सुरू करावे. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाचे स्नायू झपाट्याने झडतात आणि तो पुन्हा पडतो. तपासणीनंतर झोपू द्यायला हरकत नाही, मात्र पहिले २४ तास सोबत कोणी तरी हवेच. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते. आयब्युप्रोफेन किंवा झोपेची गोळी मनाने देऊ नये. हृदयासाठी चालू असलेली रक्त पातळ करणारी गोळीही मनाने बंद करू नये, त्याने पक्षाघात ओढवू शकतो. कूस बदलताना गरगरत असेल तर अनेकदा कानातले सूक्ष्म कण हललेले असतात. मान ठरावीक क्रमाने वळवण्याच्या उपचाराने ते जागेवर येतात. तरुण बहुधा दोन आठवड्यांत सावरतो, वृद्धाला काही महिनेही लागतात.

वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झोपेतून न उठणे, फेफरे, एका बाजूची कमजोरी दिसल्यास १०८ ला फोन करावा.

सर्वांत फसवे ते पुढेच असते. मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू साचणारे रक्त तीन-चार आठवड्यांनी त्रास देऊ लागते, तोवर टेंगूळ विसरले गेलेले असते. आजोबांची एक चप्पल फरशीवर घासत येते, कपातला चहा बशीत सांडतो, आमटीत मीठ दोनदा पडते, आणि घरचे म्हणतात, ''वय झालं.'' अशा वेळी महिन्याभरापूर्वीचे पडणे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. कवटीला छोटे भोक पाडून हे रक्त काढता येते, आणि अनेकांची चाल व बोलणे त्यानंतर काही दिवसांतच सुधारते.