फॅक्टर आणि स्तनपान : ‘माहिती उपलब्ध नाही’ या वाक्यामागील इतिहास

फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारे प्रथिन, औषध म्हणून घेणाऱ्या मातेने बाळाला अंगावर पाजावे की नाही, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. १९६० च्या दशकाच्या मध्यात क्रायोप्रेसिपिटेट (गोठवलेल्या प्लाझ्मातून, म्हणजे रक्तद्रवातून, वेगळा काढलेला फॅक्टरयुक्त अंश) आणि पाठोपाठ भुकटीच्या रूपातील कॉन्सन्ट्रेट (फॅक्टरचे संहत औषध) आले, तेव्हा हिमोफिलिया, म्हणजे फॅक्टरच्या कमतरतेने रक्त नीट न गोठण्याचा आजार, पुरुषांचा समजला जाई. स्त्रीची नोंद केवळ ‘वाहक’, म्हणजे सदोष जनुक मुलांकडे नेऊ शकणारी, म्हणून होई, आणि वाहक स्त्रीच्या स्वतःच्या रक्तस्रावाकडे दुर्लक्ष होत राहिले.

१९८० च्या दशकात हजारो दात्यांच्या प्लाझ्मापासून बनवलेल्या कॉन्सन्ट्रेटमधून एचआयव्ही आणि हिपॅटायटिस पसरले. एचआयव्ही दुधातून बाळाकडे जाऊ शकतो, हेही १९८५ च्या सुमारास पुढे आले. ती भीती खरी होती, पण ती विषाणूची होती, फॅक्टरची नव्हे. विषाणू निष्क्रिय करण्याच्या प्रक्रिया रूढ झाल्या, १९९२ मध्ये रिकॉम्बिनंट, म्हणजे दात्यांच्या प्लाझ्माऐवजी जनुकतंत्राने बनवलेला, फॅक्टर ८ वापरात आला, तरी हा भेद पुरेसा स्पष्टपणे मांडला गेला नाही.

खरा गुंता औषधासोबतच्या माहितीपत्रकातील भाषेने केला. अमेरिकेत १९७९ पासून औषधांना गर्भावस्थेतील जोखमीची अक्षरे दिली जात. बहुतेक कॉन्सन्ट्रेटांना ‘सी’ मिळाले, कारण गाभण प्राण्यांवर त्यांचे प्रयोगच झालेले नव्हते. हे अक्षर स्तनपानाविषयी काहीही सांगत नव्हते, पण ते तसेच वाचले जाणे सहज शक्य होते. स्तनपानाच्या रकान्यात वेगळे ठरीव वाक्य असे : औषध दुधात उतरते का हे ज्ञात नाही, म्हणून सावधगिरी बाळगावी. अभ्यास न झाल्याची ही कबुली वाचणाऱ्याला मनाईसारखी वाटे, आणि माझ्या मते या विषयातील सर्वाधिक नुकसान याच वाक्याने केले आहे. ३० जून २०१५ पासून लागू झालेल्या नियमाने ती अक्षरे टप्प्याटप्प्याने हटवली आणि बाळाला होणारा दुधाचा लाभ व आईची उपचारांची गरज एकत्र तोलण्यास सांगितले. ‘माहिती उपलब्ध नाही’ हे शब्द मात्र अनेक पत्रकांत राहिले.

वास्तविक रेणूचा आकार बरेच काही सांगतो. दुधात सहज उतरणारी औषधे साधारण काही शे डाल्टनची (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) असतात. फॅक्टर ९ सुमारे ५५,००० डाल्टनचा असतो, फॅक्टर ८ त्याहून कितीतरी मोठा, आणि रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या व्हॉन विलब्रँड फॅक्टर या प्रथिनाच्या साखळ्या तर लाखो डाल्टनच्या. प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत स्तनातील पेशींमधल्या फटी मोकळ्या असल्याने मोठी प्रथिनेही थोडी झिरपू शकतात; तथापि बाळाच्या पोटात गेलेले प्रथिन बहुतांशी पचते. फॅक्टर तोंडाने न देता शिरेतून द्यावा लागतो, तो याच कारणाने.

फॅक्टरसोबत दिल्या जाणाऱ्या, रक्ताची गुठळी टिकवून धरणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडचा रेणू लहान आहे. दुधातील त्याचे प्रमाण आईच्या रक्तातील कमाल पातळीच्या सुमारे शंभराव्या भागाइतके आढळते. २०१७ पासून उपलब्ध झालेले हिमोफिलियावरचे औषध एमिसिझुमॅब हे फॅक्टर नसून प्रतिपिंड (अँटिबॉडी) आहे, आणि त्या वर्गाची प्रथिने दुधात अल्प प्रमाणात येतात, म्हणून त्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

गर्भावस्थेत वाढलेला फॅक्टर ८ आणि व्हॉन विलब्रँड फॅक्टर प्रसूतीनंतर दोन-तीन आठवड्यांत मूळ पातळीवर उतरतात. आईला उपचारांची गरज असते ते हेच दिवस, आणि अंगावर पाजण्याची घडी बसते तीही याच दिवसांत.