सायलेन्सरचा सूर कुठे बिघडतो?

जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवरून रोड रोलर फिरवल्याची छायाचित्रे पुणे, नागपूर अशा शहरांतून अधूनमधून छापून येतात. रोलरखाली जातात ते बहुधा बुलेटचे. पण हौसेने बदललेल्या मोटारींचे दुखणेही तेच आहे. कारवाईसाठी डेसिबल मोजले की काम भागते. मात्र तेवढ्याच डेसिबलचा एक आवाज भारदस्त आणि दुसरा रिकामा डबा बडवल्यासारखा का वाटतो, हे डेसिबल सांगत नाहीत.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की सिलिंडरमधला दाबलेला वायू धक्क्यानिशी बाहेर पडतो. चार सिलिंडरांच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत असे चार धक्के बसतात. म्हणजे 3,000 आरपीएमला (मिनिटाला 3,000 फेऱ्या) सेकंदाला 100. हा झाला 100 हर्ट्झचा मूळ स्वर, आणि त्याच्यावर 200, 300 असे संवादी स्वर चढतात. सुबारू या जपानी मोटार कंपनीच्या जुन्या ईजे इंजिनांत सिलिंडरांच्या समोरासमोरच्या दोन बाजूंचे पाइप असमान लांबीचे असल्याने एका बाजूचे धक्के जोडापाशी उशिरा पोहोचतात. ही लय दर दोन फेऱ्यांनी स्वतःला गिरवते, त्यामुळे वरच्याच वेगाला 25, 75, 125 हर्ट्झचे जादा स्वर मिसळतात आणि शौकिनांची आवडती गुरगुर ऐकू येते. समान लांबीचे पाइप बसवले की ती जाते.

कर्कशपणा मात्र वरच्या टोकाला असतो. आपला कान 2,000 ते 5,000 हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट आहे. सरळ नळीच्या चांगल्या मफलरमध्ये, म्हणजे सायलेन्सरमध्ये, छिद्रे पाडलेल्या नळीभोवती काचतंतू ठासलेले असतात. ते नेमके हे उंच स्वर गिळतात आणि खालचे जाऊ देतात. स्वस्त मफलरमधले तंतू जळून-उडून गेले की उरतो तो पातळ पत्रा, आणि मग तो स्वतःच झणझणू लागतो. (टेलपाइपमध्ये शिट्टी खोचून टर्बोचा आव आणणाऱ्यांबद्दल न बोललेलेच बरे. तिने आवाज वाढतो, टर्बो बसत नाही.)

माझ्या एका मित्राने असाच सरळ मफलर बसवला. गावात आवाज झकास वाटे. एक्स्प्रेसवेवर मात्र 2,400 आरपीएमला मोटार इतकी घुमे की लोणावळा येईपर्यंत डोके जड होई. 2,400 आरपीएम म्हणजे 80 हर्ट्झ. हवेत या स्वराची तरंगलांबी सुमारे 4.3 मीटर, तिची निम्मी 2.15 मीटर, आणि मोटारीच्या आतली लांबीही जवळपास तेवढीच. बंद खोलीत तंबोरा घुमावा तसे हे अनुस्पंदन होते. काचतंतूंचा येथे उपयोग नाही, कारण एवढ्या लांब लहरीपुढे त्यांचा थर नगण्य ठरतो.

यावरचा उपाय मला फार देखणा वाटतो. मुख्य पाइपाला एक आंधळी शाखा जोडायची, म्हणजे दुसऱ्या टोकाला बुच मारलेली नळी. अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेतली एका टोकाला बंद असलेली अनुस्पंदन नळी आठवा. लहर या नळीत शिरते, बुचावरून परतते आणि मुख्य पाइपात येते. नळीची लांबी तरंगलांबीच्या चौथ्या भागाइतकी असेल, तर जाऊन-येऊन अर्ध्या तरंगलांबीचा फेरा होतो. परतलेला शिखर मुख्य लहरीच्या दरीवर पडतो आणि दोन्ही एकमेकांना विझवतात. हिशेबात चूक होते ती ध्वनीच्या वेगाची. सुमारे 350 अंश सेल्सिअसच्या वायूत तो साध्या हवेतल्यासारखा 343 नसून जवळपास 500 मीटर प्रति सेकंद असतो. म्हणून तरंगलांबी 500 भागिले 80, म्हणजे 6.25 मीटर, आणि नळी सुमारे 1.56 मीटरची. ती वाकवून गाडीखाली सहज बसते. तीच नळी 240 आणि 400 हर्ट्झही कापते. 160 हर्ट्झला मात्र हात लावत नाही, कारण तेव्हा फेरा पूर्ण तरंगलांबीचा होतो आणि परतलेली लहर मुख्य लहरीशी जुळूनच येते.

मित्राने ती बसवली. एक्स्प्रेसवेवर घुमणे गेले. पहाटे गार इंजिन सुरू केल्यावर मात्र नळीतला वायूही थंड असतो, वेग 343 च्या आसपास, आणि तेव्हा तीच नळी 80 सोडून 55 हर्ट्झच्या जवळपास कापू लागते. त्यामुळे सोसायटीच्या पार्किंगमध्ये पहिली काही मिनिटे तिचा काहीच उपयोग होत नाही.