पाडसाची आई आणि बंदूक: एका नियमाची पार्श्वभूमी

पायाशी पाडस असलेली मादी मारायची नाही, हा शिकारीतला फार जुना दंडक. तो दयेपोटी पडला असेल असं कुणालाही वाटेल. पण जुने कायदे चाळले की आधी हिशेब सापडतो. दया त्याला मागाहून येऊन चिकटली. पुढे हिशेब फिरला तरी दया जागची हलली नाही. हरणांच्या आणि एल्क या उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या हरणाच्या माद्या मारण्यावरून स्कॉटलंड, जर्मनी, अमेरिका इथे आज जे वाद होतात, ते बहुतेक तिथूनच निघतात.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये राजाच्या राखीव रानांत ‘फेन्स मंथ’ नावाचा बंदीचा महिना पाळत. २४ जूनच्या सेंट जॉनच्या सणाआधीचे १५ दिवस आणि नंतरचे १५ दिवस. हा हरणी विण्याचा काळ. तेवढे दिवस रानात गुरं चारायला मनाई, आणि उगाच हिंडताना सापडणाऱ्यालाही जाब द्यावा लागे. माद्यांची शिकार १४ सप्टेंबरपासून २ फेब्रुवारीपर्यंत चाले. नरांची त्याआधी, उन्हाळ्यात, अंगावर चरबी असताना. यात पाडसाची कणव शोधायला जाऊ नये. हरीण राजाच्या मालकीचं, आणि पुढच्या वर्षी शिकार कमी पडू नये एवढाच मतलब. तारखा मात्र अचूक बसल्या होत्या. स्कॉटलंडमध्ये आज रेड डिअरच्या (युरोपातल्या मोठ्या तांबूस हरणाच्या) मादीचा हंगाम २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी आहे. म्हणजे शेवटची तारीख इतक्या शतकांत जेमतेम दोन आठवडे सरकली.

अमेरिकेला हाच धडा नव्याने गिरवावा लागला. मांस आणि कातडी बाजारात विकणाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात पूर्वेकडच्या राज्यांतली पांढऱ्या शेपटीची हरणं जवळपास संपवली होती. पेनसिल्व्हेनियाने १८९५ मध्ये गेम कमिशन, म्हणजे शिकारीची व्यवस्था पाहणारं सरकारी मंडळ, नेमलं, पुढे बाहेरून हरणं आणून सोडली आणि १९०७ मध्ये कायदा केला: शिंगवाला नर तेवढा मारायचा, मादीला हात लावायचा नाही. उपाय बिनतोड होता. एक नर अनेक माद्या फळवतो, त्यामुळे बरेच नर मारले तरी पुढच्या उन्हाळ्यातली पाडसं कमी होत नाहीत. हरणं झपाट्याने वाढली. पण कायदा लोकांच्या गळी उतरवण्यासाठी जो प्रचार झाला, त्यात मादी मारणारा म्हणजे खालच्या दर्जाचा माणूस ही शिकवणही मुरली. बापाने मुलाला पहिली बंदूक देताना सांगायची गोष्ट होऊन बसली ती.

वीस वर्षांत त्याच राज्यात उलटा प्रश्न उभा राहिला. हरणाचं तोंड पोचेल तिथवरचा पाला, कोवळी रोपं, सगळं साफ. हिवाळ्यात आधी पाडसं मरू लागली, कारण उंचीवरच्या फांद्यांपर्यंत त्यांची मान पोचत नाही. १९२३ मध्ये थोड्या भागात मादीची शिकार खुली झाली आणि १९२८ मध्ये कमिशनने राज्यभर माद्या खुल्या करून नरांवरच बंदी घातली. शिकारी खवळले. वीस वर्षं ज्याला पाप म्हणवून घेतलं तेच आता कर्तव्य म्हणून सांगितलं जात होतं.

त्याच सुमारास ॲरिझोनातल्या कैबाब पठाराचं प्रकरण गाजलं. १९०६ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी तिथे राखीव क्षेत्र केलं, हरणांची शिकार थांबली आणि सरकारी शिकाऱ्यांनी पहाडी सिंह, लांडगे, कोयोटी मारले. १९२४ पर्यंत हरणं इतकी झाली की कुणी ३०,००० म्हणे, कुणी १,००,०००. (हे आकडे अंदाजाचे होते, १९७० मध्ये प्राणिशास्त्रज्ञ ग्रेम कॉली यांनी त्यांची नीट चिरफाड केली. लांडगे मारले म्हणून हरणं वाढली, हे शाळेच्या पुस्तकातलं सरळ गणित तेव्हापासून पातळ झालं आहे.) उपासमार मात्र खरी होती. तरी माद्या मारायला कुणाचं मन धजेना, म्हणून इतर उपाय झाले. पाडसं पकडून दुसरीकडे नेली, त्यातली बरीच दगावली. डिसेंबर १९२४ मध्ये माणसं आणि घोडे लावून हजारो हरणं ग्रँड कॅन्यनच्या घळीतून पलीकडे हाकायचा घाट घातला. हरणं हाकाऱ्यांच्या रांगेतून मागे निसटली आणि बेत फसला. शेवटी केंद्र सरकारने हरणं मारायला घेतली तेव्हा राज्याने विरोध केला, वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९२८ मध्ये निकाल लागला: आपली जमीन वाचवण्यासाठी केंद्राला हरणं मारता येतात.

या गोंधळातून सगळ्यात जास्त शिकले ते अमेरिकेतले वन्यजीव-अभ्यासक आल्डो लिओपोल्ड. विस्कॉन्सिन राज्याच्या निसर्गसंवर्धन कमिशनवर असताना त्यांनी माद्या मारण्याची बाजू उघड घेतली. १९४३ च्या हंगामात काही दिवस बिनशिंगी हरणं, म्हणजे माद्या आणि पाडसं, खुली झाली आणि सुमारे १,२८,००० हरणं पडली. राज्यात इतका गहजब झाला की त्या हंगामाला ‘त्रेचाळीसचा गुन्हा’ असं नावच पडलं, आणि पुढच्या वर्षी गाडी पुन्हा फक्त नरांवर आली. विरोधकांचा एक मुद्दा मात्र वाजवी होता: एका झटक्यात इतकी हरणं मारण्यापेक्षा दरवर्षी थोड्या माद्या, ठरावीक परवान्यांवर माराव्यात. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत पुढे हीच पद्धत रुळली.

गणित साधं आहे आणि इथूनच नीतीचा पेच सुरू होतो. एखाद्या डोंगरावर १०० माद्या आहेत आणि हिवाळ्याच्या तोंडाशी त्यांच्यामागे ४० पाडसं जिवंत आहेत असं धरा. त्यातल्या २० माद्या. आपोआप मरणाऱ्या वगळल्या तर कळप आहे तेवढाच ठेवायलाही दरवर्षी पंधराएक माद्या माराव्या लागतात. कमी करायचा तर त्याहून जास्त. या पंधरांपैकी सगळ्या भाकड निघणार नाहीत. भाकड तेवढ्या वेचून मारल्या तर कळपात उरतात त्या सगळ्या विणाऱ्या, म्हणजे संख्या आणखी वेगाने वाढते. मादी मारायची म्हटलं की आज ना उद्या पाडसवाली मारावीच लागते. तेव्हा प्रश्न उरतो तो कधी आणि कशी याचा.

कधी हे दुधावर ठरतं. रेड डिअरची मादी ऑक्टोबरात माजावर येते, साधारण पावणेआठ महिने गाभण राहते आणि मेअखेर ते जूनमध्ये विते. पाडस ६-७ किलोचं. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा गाभणकाळ सुमारे २०० दिवस, एल्कचा आठ महिने किंवा थोडा जास्त. दोन महिन्यांच्या आसपास पाडसाचं पोट चारा पचवू लागतं, म्हणून काही शिकारी ऑगस्टमध्येच म्हणतात, झालं की आता मोठं. पण चारा खाता येणं आणि दूध तुटणं यात अंतर आहे. रेड डिअरचं पाडस पुढे कित्येक महिने पीत राहतं, आणि दूध आटल्यावरही बर्फात कुठे आडोसा आहे, कुठे खाली उतरायचं, हे त्याला आईमागूनच कळतं. कळपातला त्याचा मानही आईच्या मानावर. आई गेली की इतर माद्या त्याला चाऱ्यावरून हुसकतात.

स्कॉटलंडच्या रम बेटावर १९५३ पासून रेड डिअरचा अभ्यास चालू आहे, एकेक जनावर ओळखून. तिथल्या नोंदींत दिसलं की दूध तुटण्याआधी आई गेली तर नर-मादी दोन्ही पाडसांचं जगणं अवघड होतं. नर पाडसांना तर दूध तुटल्यावरही आईची उणीव भोवते. याच्या उलट, व्हर्जिनियातल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांवरचं १९९२ मध्ये छापलेलं काम सांगतं की शरद ऋतूत पोरके झालेले नर जन्मस्थळ सोडून कमी भटकतात आणि त्यामुळे उलट जास्त जगतात. ‘नोव्हेंबरात पाडस आपलं आपण जगतं’ हे वाक्य म्हणूनच एका जातीबद्दल खरं आणि दुसरीबद्दल धोक्याचं ठरतं. शिकाऱ्यांच्या वादात दोन्ही जातींची उदाहरणं सर्रास मिसळली जातात.

एकटी दिसली म्हणून मादी भाकड, ही यातली सगळ्यात महागात पडणारी चूक. पहिले दोन-तीन आठवडे पाडस गवतात किंवा नेच्यांत दडून पडलेलं असतं, आणि आई दिवसातून काही वेळाच पाजायला येते. बाकीचा वेळ ती दूर, एकटीच चरते. एल्कची पाडसं नंतर पाळणाघरासारख्या टोळक्यात राहतात, आई शंभर पावलांवर. अनुभवी शिकारी आधी दुर्बिणीने मागून पाहतात: मागच्या पायांमध्ये कास भरलेली दिसते का. पाजणारी मादी उन्हाळाअखेर हाडकुळी असते, तिचा हिवाळी केसांचा थर उशिरा झडतो. भाकड मादी गोल, तुकतुकीत. अंदाज खरा होता का हे पोट साफ करताना कळतं. कास आडवी चिरली की दूध आहे की नाही ते दिसतं, आणि शिकारीसाठी नीट चालवलेल्या खाजगी इस्टेटींवर ते वजनाशेजारी वहीत लिहून ठेवतात. हिवाळ्यात कास कोरडी निघाली म्हणून पाडस नव्हतंच असं मात्र होत नाही. दूध नुकतं आटलेलंही असतं.

कशी याचं उत्तर जर्मनांनी सगळ्यात कडक दिलं. १९५२ च्या त्यांच्या शिकार कायद्यात पिल्लं स्वतंत्र होईपर्यंत त्यांना वाढवणाऱ्या आईबापाला मारायला बंदी आहे, ज्या जातींना एरवी बंदीचा हंगामच नाही त्यांनासुद्धा. शिक्षा दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद. त्यामुळे रेड डिअरचा रिवाज पडला तो असा: आधी पाडस, मग आई. ऐकायला भयंकर वाटतं, पण कारण सरळ आहे. पाडस पडलं की आई थोडं पळून थांबते, मागे वळून बघते, आणि दुसरी गोळी मिळते. ती मिळाली नाहीच, तर मागे उरते ती धडधाकट मादी. उलट क्रमाने गेलात आणि मध्येच धुकं आलं, तर मागे उरतं ते पोरकं पाडस. स्कॉटलंडच्या उघड्या डोंगरावर काहीजण आईच आधी घेतात, पाडस तिथेच घुटमळतं म्हणून. ते बहुधा घुटमळतं, पण ‘बहुधा’वर हा क्रम बेतणं आम्हाला पटत नाही. दोघं एकामागे एक उभी असताना गोळी सोडायची नाही. आरपार गेलेली गोळी मागचं जनावर जखमी करते. हाकाऱ्याच्या शिकारीत आई-पाडसाची ताटातूट होते, म्हणून तिथे एकटी पळणारी मोठी मादी सोडून द्यायची.

अमेरिकेच्या पश्चिमेला एल्कबाबत वाद दोन टोकांच्या तारखांवर आहे. मोंटानाने २०१६ पासून, खाजगी कुरणांवर एल्क फार झाले म्हणून, मुख्य हंगामाच्या आगेमागे जादा हंगाम सुरू केले. त्यांची चौकट १५ ऑगस्ट ते १५ फेब्रुवारी. १५ ऑगस्टला पाडस अडीच महिन्यांचं असतं. १५ फेब्रुवारीला पाडस सुटं झालेलं असतं, पण आई पाच महिन्यांची गाभण असते आणि पोट साफ करणाऱ्याच्या हाती पुरता आकार आलेला गर्भ येतो. दुसरं दृश्य माणसाला जास्त हलवतं, म्हणून फेब्रुवारीवर जास्त ओरड होते. पाडसाच्या बाजूने पाहिलं तर ऑगस्ट वाईट. गाभण मादी नको म्हटलं तर नोव्हेंबरपासून हंगामच उरत नाही, कारण तोवर बहुतेक सगळ्या फळलेल्या असतात.

भारतात हा प्रश्न कायद्याने जवळपास मिटवला. १९१२ च्या कायद्यात प्रांतिक सरकारला एखाद्या जातीसाठी, किंवा फक्त तिच्या माद्या व पिल्लांसाठी, बंदीचा काळ जाहीर करता येई. १९७२ च्या वन्यजीव कायद्यातही मुळात पिल्लं आणि माद्यांच्या शिकारीबद्दल वेगळं कलम होतं. १९९१ च्या दुरुस्तीत परवान्यावरची शिकारच गेली आणि त्या कलमाला काम उरलं नाही. महाराष्ट्रात २०१५ मध्ये पिकं खाणारे रोही आणि रानडुकरं परवानगीने मारायची वाट उघडली, तेव्हा हा प्रश्न पुन्हा मागच्या दाराने आला. आपल्याकडे तारखा फारशा कामाच्या नाहीत: चितळाची पाडसं वर्षभर दिसतात, रोहीचीही कधीही.

अशा बारमाही विणाऱ्या हरणाचं काय करायचं याचं उत्तर शोधावं लागलं ते इंग्लंडला, आपल्या भेकराच्या चिनी भावाबाबत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वोबर्नच्या उद्यानातून सुटलेलं रीव्ह्ज मुंटजॅक आता दक्षिण इंग्लंडभर पसरलं आहे. मादी सात महिने गाभण राहते आणि व्यायल्यावर काही दिवसांतच पुन्हा फळते. बंदीचा हंगाम ठेवायला जागाच नाही, म्हणून कायद्यात तो नाही. शिकाऱ्यांना दिलेला सल्ला असा: मारायचीच तर एकतर पहिलटकरीण होण्याआधीची कोवळी मादी घ्या, नाहीतर पोट अगदी उतरलेली, विण्याच्या बेतातली. कारण तिचं आधीचं पाडस तेव्हा सहा-सात महिन्यांचं, आईवाचून जगणारं असतं. सडपातळ दिसणारी मोठी मादी सोडायची. तिचं पाडस नुकतंच जन्मून झुडपात दडलेलं असण्याचा संभव सगळ्यात जास्त.