गिटार (गोव्यातील वादनशैली आणि तंत्र)

सहा तारांची गिटार गोव्यात मांडो-दुलपदांच्या साथीला, फादो या पोर्तुगीज गीतप्रकाराच्या मैफलीत, तियात्र या कोंकणी संगीतनाट्याच्या बँडमध्ये, चर्चच्या गायनवृंदात, किनाऱ्यावरच्या हॉटेलांत आणि आता भजन-भावगीतांच्या साथीलाही वाजते. तारा बहुतेक ठिकाणी त्याच स्वरांत लावतात : जाड सहावीपासून बारीक पहिलीपर्यंत ई, ए, डी, जी, बी, ई, पाचवी तार 110 हर्ट्झवर. डाव्या हाताचे कॉर्डही (एकदम वाजणाऱ्या स्वरांचे गट) पुष्कळसे तेच राहतात. बदलतो तो उजवा हात. अंगठा कुठल्या मात्रेवर पडतो, बोटे तार खुडतात की घासतात, आवाज कधी दाबायचा, यावर शैली ठरते. पन्नास कॉर्ड पाठ असलेला पण एकाच ठेक्यात सगळे वाजवणारा वादक त्यामुळे इथे लवकर उघडा पडतो.

पोर्तुगीज काळात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवत. त्याच पायावर 1952 मध्ये पणजीत आकादेमिया द मुझिका ही संस्था उभी राहिली. पुढे ती कला अकादमीचा पाश्चात्त्य संगीत विभाग झाली. पणजीतल्या कांपाल भागातील अकादमीच्या वास्तूत हिंदुस्थानी संगीतही शिकवले जाते. गोव्यातला गिटार शिकणारा मुलगा या दोन्ही परंपरांच्या मध्ये उभा असतो आणि पहिली गफलत तिथेच होते.

स्वरांची नावे आणि पट्टी

पोर्तुगीज वळणाच्या शिकवणीत ‘दो’ म्हणजे नेहमी सी, ‘रे’ म्हणजे नेहमी डी. आपला सा मात्र गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे सरकतो. ‘रे’ हे अक्षर दोन्हीकडे आहे, अर्थ वेगळा. पेटी शिकून आलेल्याने हे पहिल्याच दिवशी स्पष्ट करून घ्यावे.

भजनाच्या साथीत पट्टी गाणारा सांगतो आणि ती बहुधा काळीची, म्हणजे पेटीच्या काळ्या पट्टीवर सा धरलेली, असते. तिथे कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एका फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीपाशी) दाबून धरणारा चिमटा, लागतो. काळी एकला पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सीचे आकार वाजवावेत, काळी दोनला तिथेच डीचे, काळी चारला जीचे. काळी पाचला तिसऱ्या फ्रेटवर कॅपो आणि जीचे आकार हाताला सोपे पडतात. कॅपो दोन फ्रेटच्या मधोमध नव्हे, पुढच्या फ्रेटच्या अगदी मागे बसवावा. तो लावल्यावर तारा थोड्या चढतात, म्हणून तारा पुन्हा जुळवाव्यात. हे न केल्यामुळे गिटार आणि पेटी यांच्यात जी बारीक कुरकुर ऐकू येते, तिचे खापर उगाच पेटीवर फुटते.

मांडो, दुलपद, देखणी

मांडो हा एकोणिसाव्या शतकात, विशेषतः सासष्टीतल्या ख्रिस्ती घरांत वाढलेला कोंकणी गीतप्रकार. घुमट (चामडे ताणलेले मातीचे तालवाद्य) आणि व्हायोलिन ही त्याची जुनी साथ. चाल संथ, सहा मात्रांची. स्वर बहुधा मायनर, आणि दुसरा आवाज तिसऱ्या स्वराच्या अंतराने सोबत चालतो.

साथ बोटांनी करावी. ए मायनर धरला तर पहिल्या मात्रेला अंगठ्याने मोकळी पाचवी तार, दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेला तर्जनी, मध्यमा आणि अनामिका यांनी वरच्या तीन तारा एकदम खुडायच्या. चौथीला अंगठा मोकळ्या सहाव्या तारेवर, पुन्हा दोनदा कॉर्ड. डी मायनरला अंगठा चौथ्या आणि पाचव्या तारेवर फिरतो. ई सेव्हनला सहावी तार आणि पाचवीचा दुसरा फ्रेट. चौथ्या मात्रेचा ठोका पहिल्यापेक्षा हलका हवा. दोन्ही सारखे मारले की सहाची एक लांब लाट तुटून तीन-तीनचे दोन वॉल्ट्झ होतात, आणि नवशिक्यांची साथ नेमकी तशीच वाजते. दुसरी चूक घाईची. गाणारा ओळीच्या शेवटी स्वर धरून ठेवतो. तिथे मात्रा मोजत पुढे जायचे नसते, कॉर्ड वाजवून थांबायचे असते. दोन ओळींच्या मधल्या जागेत बासच्या तीन-चार स्वरांची उतरण शोभते, गाण्याच्या आत ती टोचते.

दुलपद त्याच घरातले, पण चपळ. सहा आघात, पहिला आणि चौथा ठाम : पहिल्या-चौथ्याला हात खाली, तिसऱ्या-सहाव्याला वर, दुसऱ्या-पाचव्याला तारांना न लागता नुसता झुलता. तबला येणाऱ्याला वाटते, हा तर दादरा. मोजणी तीच, वजन वेगळे. दादऱ्यात चौथ्या मात्रेवर खाली असते आणि पुढच्या ‘ती ना’त डग्गा गप्प राहतो; दुलपदात तिथेच बास पडतो. दादऱ्याचा हात घेऊन दुलपद वाजवले तर नाचणाऱ्याचे अर्धे पाऊल हवेत राहते. उलट दादऱ्यातल्या भावगीताला दुलपदाचा बास लावला तर गाणे जड होते. चवथीच्या घुमट आरत्यांत घुमट, शामेळ आणि कासाळे ऐकत वाढलेल्या मुलांना वजनातला हा फरक तोंडी सांगण्यापेक्षा ठेका वाजवून दाखवला तर पटकन कळतो. देखणी या नाचाच्या गीताला दोन मात्रांचा ठेका : बास, कॉर्ड, बास, कॉर्ड. त्यात फार शिकण्यासारखे नाही.

फादो

इथे नावांचा घोळ आहे. पोर्तुगीज भाषेत ‘गितार्रा’ म्हणजे बारा तारांची, सहा जोड्यांची पोर्तुगीज गिटार. आपल्या नेहमीच्या सहा तारांच्या गिटारला ते ‘व्हिओला’ म्हणतात. गितार्राच्या तारा लिस्बन पद्धतीत बारीक जोडीपासून बी, ए, ई, बी, ए, डी अशा लागतात, कोइंब्रा पद्धतीत एक पूर्ण स्वर खाली. ती अंगठा आणि तर्जनी यांना कृत्रिम नखे लावून वाजवतात, त्यामुळे क्लासिकल गिटारवरची तर्जनी-मध्यमेची आलटापालट तिथे कामाला येत नाही. शिकणाऱ्याने आधी व्हिओलाची साथ करावी. तिचे काम बास आणि ठेका सांभाळणे; गितार्रा गाण्याला उत्तर देत असताना मध्ये मध्ये सजावट करणारा साथीदार कोणालाच नको असतो.

जॅझ, बोसानोव्हा आणि पिकचे वादन

मुंबईच्या जॅझ बँडमध्ये आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत विसाव्या शतकाच्या मध्यावर गोमंतकीय वादक मोठ्या संख्येने होते. जॅझच्या साथीत सहाही तारा वाजवायच्या नसतात. कॉर्डचा तिसरा आणि सातवा स्वर पुरतो, मूळ स्वर बास गिटारवाला देतो. डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन ही नेहमीची साखळी फक्त चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर अशी बसते : चौथीचा तिसरा फ्रेट व तिसरीचा पाचवा, मग तिसरीवरचे बोट एक फ्रेट खाली, मग चौथीवरचे एक फ्रेट खाली. दर वेळी एकच बोट हलते. प्रत्येक ठोक्यानंतर डाव्या हाताचा दाब किंचित सोडला की आवाज तुटतो. तार मात्र सोडायची नाही.

किनाऱ्यावरच्या हॉटेलांत बोसानोव्हा या ब्राझिली शैलीला मागणी असते. अंगठा दोन्ही मात्रांवर घड्याळासारखा, बोटे मात्रांच्या मधल्या जागांवर. अंगठा बोटांच्या मागे ओढला जाणे हा हमखास दोष. त्यावर उपाय म्हणजे आधी काही दिवस नुसता अंगठा पायाच्या ठेक्याबरोबर चालवणे आणि मग बोटे एकेक करून वर चढवणे.

रॉक आणि ब्लूजमध्ये पिक (तार छेडायची छोटी चपटी पट्टी), तळहाताच्या कडेने ब्रिजजवळ तारा दाबणे आणि बेंड (तार ढकलून स्वर चढवणे) या तीन गोष्टी आधी लागतात. बेंड करताना बी तारेचा आठवा फ्रेट अनामिकेने धरावा, मागे मध्यमा आणि तर्जनीचा आधार द्यावा आणि मनगट फिरवून तार वर ढकलावी. स्वर दहाव्या फ्रेटइतका चढला पाहिजे, म्हणून आधी दहावा फ्रेट वाजवून कान लावून घ्यावा. एकट्या बोटाच्या जोरावर ढकलले तर स्वर अर्ध्यावर राहतो आणि बोट दुखते ते वेगळेच.

रागदारी आणि नाट्यगीत

ब्रिजभूषण काब्रा यांनी मांडीवर आडवी धरून सळईने वाजवण्याच्या गिटारवर रागसंगीत आणले. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा त्याच कुळातली. तिथे फ्रेट मोडीत निघतात आणि मिंड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, मोकळी होते. साध्या गिटारवर मिंड घ्यायची तर सतारीसारखी तार खेचावी लागते, आणि त्यासाठी इलेक्ट्रिक गिटारच्या 9 किंवा 10 (इंचाच्या हजाराव्या भागांत) जाडीच्या तारा बऱ्या.

साथीत खरा धोका कॉर्डचा. यमनला सा म्हणजे सी धरून सवयीने सी, एफ, जी वाजवले की एफमधला शुद्ध मध्यम राग मोडतो. तिथे सी, डी मेजर, ई मायनर, जी चालतात, कारण डी मेजरमध्ये तीव्र मध्यम आहे. रागाची खात्री नसेल तेव्हा कॉर्डमधला तिसरा स्वर गाळून नुसता सा-प वाजवावा.

पावसाळा

गिटारला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. गोव्यात जून ते सप्टेंबर हवा त्याच्या कितीतरी पुढे असते. वरची फळी फुगते, तारा उंच होतात, बार कॉर्ड (एका बोटाने अनेक तारा आडव्या दाबायचे) दाबेनासे होतात आणि मुले ‘बोटांत जोर नाही’ म्हणून गिटार सोडतात. आधी स्टीलच्या पट्टीने बाराव्या फ्रेटवर तारेची उंची मोजावी. नायलॉनच्या गिटारला सहाव्या तारेखाली सुमारे 4 आणि पहिलीखाली 3 मिलिमीटर, स्टीलच्या तारांना साधारण 2.5 आणि 2 चालतात. गिटार चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. गिटार ठेवायच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या ओल्या झाल्या की बदलाव्यात. वाजवून झाल्यावर तारा सुक्या फडक्याने खालूनही पुसाव्यात, कारण घाम आणि खारी हवा यांनी स्टीलच्या तारा लवकर गंजतात.

ट्रस रॉड (मानेचा बाक सुधारणारी आतली सळई) असेल तर एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये आणि एक दिवस थांबून पुन्हा मोजावे. नायलॉनच्या बहुतेक गिटारींना तो नसतो. तिथे सॅडल (ब्रिजवरची तारा टेकणारी पट्टी) घासतात, आणि बाराव्या फ्रेटवर 1 मिलिमीटर उतरवायला सॅडलचे 2 मिलिमीटर जातात. हे काम पावसात करू नये. डिसेंबरात हवा सुकली की फळी आपोआप बसते, आणि जुलैत घासलेल्या सॅडलवर तारा फ्रेटला लागून खरखरू लागतात.