दंतसरळीकरण, मुलांमधील (तारा लावणे)

वाढत्या वयातील मुलांचे वाकडे, दातावर दात आलेले किंवा पुढे झुकलेले दात आणि जबड्यांची त्यांच्याशी निगडित विसंगती दुरुस्त करण्याचा उपचार. दंतवैद्यकाच्या ऑर्थोडॉन्टिक्स या शाखेत तो मोडतो.

वाकड्या दातांची नोंद प्राचीन आहे, उपचाराची प्राचीनता मात्र शंकास्पद आहे. प्राचीन इटलीतील इट्रुस्कन लोकांच्या थडग्यांत सापडलेल्या दातांवरील सोन्याच्या पट्ट्या हा तारांचा आद्य नमुना, असे बऱ्याच जुन्या ग्रंथांत म्हटले आहे. त्या पट्ट्या मुख्यत्वे कृत्रिम दात धरून ठेवण्यासाठी किंवा प्रतिष्ठेचा अलंकार म्हणून असाव्यात, हे अलीकडच्या संशोधकांचे मत अधिक ग्राह्य वाटते. भारतीय वैद्यकात वाग्भटाच्या अष्टांगहृदयात (इ. स. सु. सातवे शतक) वेड्यावाकड्या दातांचा ‘कराल’ हा विकार आला आहे. माधवनिदानात (सु. आठवे शतक, काहींच्या मते सातवे) तो वातामुळे होतो असे सांगून असाध्य ठरवला आहे. दात सरकवण्याची पहिली स्पष्ट सूचना रोमन लेखक सेल्सस (पहिले शतक) याची. दुधाचा दात न पडताच कायमचा दात उगवला, तर दुधाचा काढावा व नवा रोज बोटाने जागेकडे ढकलावा, असे तो सांगतो. फ्रेंच दंतवैद्य प्येर फोशार याने 1728 मध्ये कमानीच्या आकाराच्या धातुपट्टीला दात धाग्याने बांधून ओढण्याची रीत वर्णिली. शास्त्रशुद्ध मांडणी अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल (1855–1930) याच्यापासून सुरू होते. पहिल्या कायमच्या दाढांच्या परस्परसंबंधावरून त्याने 1899 मध्ये केलेले दातांच्या विसंगतीचे तीन वर्ग आजही वापरात आहेत.

पालकांना सर्वांत जास्त पडणारा प्रश्न, म्हणजे तारांसाठी चांगले दात काढावेत का, हा या शाखेतील सर्वांत जुना वाद आहे. बत्तीसही दात राखलेच पाहिजेत, दात नीट जुळवले की हाड आपोआप त्यांच्याभोवती तयार होते, असा अँगलचा आग्रह होता. अमेरिकन दंतवैद्य कॅल्व्हिन केस याने त्यास विरोध केला आणि 1911 मध्ये हा वाद अमेरिकेतील दंतवैद्यांच्या परिषदेत जाहीरपणे लढला गेला. त्या वेळी अँगलचा पक्ष वरचढ ठरला. पुढे अँगलचाच शिष्य चार्ल्स ट्वीड याला दात न काढता उपचार केलेल्या आपल्या रुग्णांचे दात पुन्हा पुढे आलेले दिसले. चार उपदाढा काढून त्याने त्यांच्यावर पुन्हा उपचार केले आणि 1940 च्या सुमारास त्याचे निष्कर्ष मान्य होऊ लागले. मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. अमेरिकेतील एका विद्यापीठीय दवाखान्याच्या नोंदींनुसार दात काढून केलेल्या उपचारांचे प्रमाण 1953 मध्ये 30 टक्के होते, ते 1968 मध्ये 76 टक्क्यांवर गेले आणि 1993 मध्ये 28 टक्क्यांवर उतरले. मुलांचे जबडे चाळीस वर्षांत एवढे बदलत नाहीत, बदलला तो वैद्यांचा कल. त्यामुळे सरसकट ‘काढावेत’ किंवा ‘काढू नयेत’ म्हणणे अयोग्य होय. दाटी किती, ओठ किती पुढे आणि वाढ किती शिल्लक, हे एक्स-रे व साच्यांवरून पाहूनच निर्णय घ्यावा लागतो.

दात हाडात घट्ट रोवलेला नसून तंतूंच्या पातळ आवरणाने धरलेला असतो. हलका, सतत दाब दिल्यास दाबाच्या बाजूचे हाड झिजते व मागच्या बाजूस नवे तयार होते. जास्त जोर दिल्याने दात लवकर सरकत नाही, उलट मूळ आखूड होण्याचा धोका वाढतो. पूर्वी प्रत्येक दाताला पोलादी कडे बसवावे लागे. 1955 मध्ये अमेरिकन दंतवैद्य ब्युओनोकोर याने दंतवल्क (दाताचे कठीण बाह्य आवरण) आम्लाने खरवडून चिकटवण्याची रीत शोधली आणि तिच्यामुळे पुढे ब्रॅकेट (तार धरून ठेवणारी छोटी खोबण) थेट दातावर लावता येऊ लागले.

उपचार केव्हा सुरू करावा, यावरही दुमत आहे. सातव्या वर्षी एकदा तपासणी व्हावी, हे बहुतेकांना मान्य आहे. आठ ते अकरा वर्षांच्या वयात वरच्या पटाशीच्या दातांत दिसणारी फट बहुधा सुळे उतरल्यावर आपोआप मिटते, तिच्यासाठी घाई नको. उलटा चावा (वरचे दात खालच्या दातांच्या आत बसणे) किंवा दुधाची दाढ अकाली गेल्याने बुजणारी जागा यांवर मात्र लवकर उपाय करावा. पुढे आलेल्या दातांबाबत 1990 नंतरच्या चाचण्यांत असे आढळले की, लवकर सुरू केलेल्या दोन टप्प्यांच्या आणि बाराव्या-तेराव्या वर्षी केलेल्या एकाच टप्प्याच्या उपचाराचा अंतिम परिणाम जवळजवळ सारखाच असतो. लवकर उपचाराने पुढचे दात तुटण्याचे प्रमाण तेवढे घटते. कोल्हापुरात हा अपवादच महत्त्वाचा ठरतो. येथील पेठापेठांत मुले लहानपणीच तालमीत आणि फुटबॉलच्या मैदानात उतरतात, त्यामुळे पुढे आलेले दात असलेल्या खेळाडू मुलाच्या बाबतीत लवकर उपचाराची बाजू येथे अधिक बळकट होते. तारा असताना खेळणाऱ्या मुलाला दातांचे संरक्षक कवच हवेच. गरम पाण्यात मऊ करून बसवायचे साधे कवच ब्रॅकेटमध्ये अडकते, म्हणून ते वैद्याकडूनच करून घ्यावे.

तारांच्या पथ्याचे कोष्टक कोल्हापूरच्या खाण्याशी जुळवून घ्यावे लागते. दाताने सोललेला ऊस, मटणाची नळी फोडणे, चिक्की आणि भडंगातले शेंगदाणे यांनी ब्रॅकेट निखळतात. काकवी व गूळ ब्रॅकेटभोवती चिकटून राहतात आणि दातांवर पांढरे डाग पडतात. हे डाग म्हणजे किडीची सुरुवात होय. रश्श्यातील हळदीने तार ब्रॅकेटला बांधणारी पारदर्शक रबरे एका जेवणात पिवळी पडतात. यात अपाय काही नाही, पण वयात येणाऱ्या मुलांना ते फार लागते, म्हणून रंगीत किंवा करडी रबरे निवडलेली बरी.

शहरात राजारामपुरी, शाहूपुरी आदी भागांत खासगी दवाखाने आहेत. जिल्ह्यात नवे पारगाव येथे तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे. उपचार साधारण दीड ते दोन वर्षे चालतो व दर चार ते सहा आठवड्यांनी तपासणी लागते. चंदगड, आजरा, गगनबावडा येथून एसटीने येणाऱ्या मुलांच्या फेऱ्या चुकल्या, की निखळलेले ब्रॅकेट तसेच राहते व उपचार लांबतो.

तारा काढल्यावर दात जुन्या जागेकडे सरकू पाहतात, म्हणून रिटेनर (दात नव्या जागी धरून ठेवणारे साधन) वापरावा लागतो. तो किती काळ वापरावा याविषयी एकमत नाही. रात्रीचा वापर अनेक वर्षे चालू ठेवावा, असा कल आता वाढत आहे. अक्कलदाढांच्या रेट्याने पुढचे दात पुन्हा वाकडे होतात हा समज सर्वत्र आहे. त्याला संशोधनाचा भक्कम आधार नाही, आणि केवळ त्या कारणासाठी अक्कलदाढा काढणे समर्थनीय मानले जात नाही.